मित्राले मी पळवलं

भावना सूनबाई,

जाग आल्यावर ओरडत रस्त्यावर धावू नको, तुझी पोरगी मित्रा माझ्यासंग आहे. सेलूच्या बाजारात एक बकरी पेपर वाचते म्हणे, ती पाहून येतो. बरं, बकरी खोटी. पण मित्रानं चपला आपल्या हातानं घातल्या, हे खरं. उलट्या घातल्या; मी सरळ केल्या नाई.

थायरॉइडची गोळी तिनं घेतली. खाऊ बारीक करून देईन, तिच्या घशात अडकते हे मले माहीत आहे.

डाऊन सिंड्रोम म्हणजे काय, हे लोकांले सांगून सांगून तू थकली. आज कोणी टक लावून पाह्यलं तर मी सांगीन, हिनं वाघाचे कान पिळले, सरका बाजूले!

सकाळी मोरीतला नळ सोडून तू रडत होती, ते मले ऐकू आलं. मी बहिरा आहे, हेही खोटंच.

धम्मदीप कामावरून आला की स्वयंपाक तोच करेल, बापाचा हुकूम आहे.

बसची वेळ झाली, मित्रा माझं धोतर ओढून राह्यली. ओठावर बोट ठेवून म्हणते, "आई निनी." हे मी रचलं नाई.

मामाजी