सगळ्यात शेवटी लिहिलेलं पहिलं पान

उस्ताद, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायला बसलो की दर वेळी वेगळाच आकडा येतो, म्हणून मी मोजणं सोडलं आहे. आज लिहायला बसलो त्याला कारण आमचा नातजावई. परवा तो अमरावतीला आला तेव्हा मुंबईचं एक गायनाचं मासिक घेऊन आला. "आबाजी, तुमी छापखान्यात होते ना, पाहा बरं हे," म्हणाला. गाणी मी वाचलीच नाहीत. दोन दिवस नुसती अनुक्रमणिका पाहतो आहे. सून म्हणते, "मामाजी, एका पानात काय शोधून राहिले एवढं?" तिला काय सांगू? तिसरं पुस्तक अर्धं सोडून शाळेतून उठलेला मी माणूस. पण अनुक्रमणिकेचं पान मला वाचता येतं, ते तुमच्यामुळे.

या पानावर डावीकडे गाण्याचं नाव आहे, मग ठिपक्यांची लांब रांग, आणि उजव्या टोकाला पानाचा आकडा. ठिपके इतके बारीक की माझं बोट मध्येच खालच्या ओळीवर घसरतं. वर वेलबुट्टी एवढी दाट की गाणी बिचारी खाली दाटीवाटीने उभी आहेत. आणि गाणाऱ्याचं नाव? कुठे कंसात, मुंगीएवढं, कुठे तर नाहीच. त्या रिकाम्या जागांवर माझं बोट उगीच थांबत राहिलं. शेजारी आपल्या जुन्या मासिकाच्या अनुक्रमणिकेचं पान पसरलं. ते मी अजून जपून ठेवलं आहे, कसर लागेल या भीतीने दर महिन्याला उन्हात धरतो. आपल्या पानावर आधी नाव आहे, जाड बोरूने. मग राग आणि त्याची वेळ, मग पदाची पहिली ओळ, आणि पानाचा आकडा एका लहान गोलात. ठिपके नाहीत. ओळींमध्ये एवढी जागा की म्हाताऱ्याचं बोटही सरळ चालावं. नातजावई म्हणाला, "नावं आधी कावून? असं तं कोनी करत नाही." मी म्हटलं, उस्तादांची पद्धत. ते अर्धंच खरं होतं.

तेव्हा आपण अकोल्याला होतो. दूर कुठल्या मुलखात लढाई चालली होती म्हणे, आणि इथे कापसाला असा भाव आला होता की रस्त्यावर बैलगाड्यांनी पाय ठेवायला जागा राहत नसे. आपल्या कापसाच्या व्यापारी शेटला त्या पैशातून गायनाचं मासिक काढायची हौस आली, कारण त्याने स्वतः एक पद रचलं होतं. तुमच्या छापखान्यात दगडी छापाची एकच शिळा होती. तिच्यावर उलटी अक्षरं लिहायची, सगळ्या प्रती छापायच्या, मग वाळूने घासून ती कोरी करायची आणि पुढचं पान लिहायचं. घासलेलं पान परत येत नाही. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्या धास्तीने मी वर्षभर प्रत्येक अक्षर आधी पाटीवर गिरवून पाहत असे. "पाटीवर किती गिरवून राह्यला बे? शिळा काही चावत नाही," तुम्ही म्हणायचात. तुमच्या घरच्या, चाची, आतून हसायच्या. मी तुमच्याकडचं पाणी पीत नव्हतो, मला जातीची भीती होती.  चाची ओट्यावर माझ्यासाठी भाजलेले चणे ठेवायच्या, कोरडं चालतं म्हणून. मी ते खात असे आणि इकडेतिकडे पाहत असे.

सातव्या पानावर त्या बाईचं पद होतं. ती तमाशात गाणारी, पण पद तिने दिलं ते पहाटेचं, भैरवातलं, तिच्या आईकडून आलेलं. तुम्ही ते तिच्याकडून तीन बैठकांत उतरवून घेतलं. तिने दुसरं काही मागितलं नाही. "गान्याखाली माह्यं नाव पायजे. नाही तं गानं देत नाही," एवढंच म्हणाली. तुम्ही छातीवर हात ठेवून शब्द दिलात. ती कौंडण्यपूरच्या जत्रेला निघताना मासिकाचं पुस्तक घेऊन जाणार होती. मधल्या दिवसांत तुम्हाला ताप भरला आणि सातवं पान मी एकट्याने लिहिलं, छापलं, शिळा घासली. तुम्ही उठलात तेव्हा कागद दोरीवर वाळत होते. तुम्ही एक कागद उजेडाला धरलात आणि पदाखाली बोट फिरवलंत.

"नाव सुटलं का रे?"

"हो उस्ताद, सुटलं."

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त खाली बसलात. परत छापायला कागद नव्हता; वाळलेला कागद शिळेवर पुन्हा नीट बसत नसे, आणि हाताने लिहावं तर शाई फुटे. मुंबईचा कागद गाडीने येई, आणि गाड्या सगळ्या कापसाच्या गाठींनी अडवलेल्या. उरला होता तो एका पानापुरता, अनुक्रमणिकेचा. ती आपण सगळ्यात शेवटी लिहायचो, सगळे आकडे ठरल्यावर. तुम्ही तिला फेहरिस्त म्हणायचात. दोन दिवस तुम्ही पाटीवर रेघा मारत होतात आणि पुसत होतात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "नाव आधी, गानं मागून. सगळ्याईचं. आन क्रम पहरांचा. सकाळपासून रातीलोक." पहरांच्या क्रमाने तिचं भैरवातलं पद सगळ्यात वर आलं, आणि शेटचं रात्रीचं पद सगळ्यात खाली. "हे नाव तू लिही," म्हणून बोरू माझ्या हातात दिलात.

शेट पान पाहायला आला आणि लाल झाला. "उस्ताद, पयलं नाव तिचं? आन मी तळाशी?"

"सकाळचं पद हाये, शेट. सूर्य काय तुमाले इचारून उगवते?" तुम्ही विडा चघळत म्हणालात. "आन मैफिलीत सगळ्यात मोठा गवई कधी बसते?"

शेटने परत तळाच्या ओळीकडे पाहिलं. "शेवटी," म्हणाला.

"मंग?"

तो जाताना त्या पानाच्या चार प्रती मागून गेला. आपण दार लावून किती हसलो. चाची तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मी त्या दिवशी तुमच्या माठातलं पाणी प्यायलो, हसून ठसका लागला होता म्हणून. तुम्ही पाहिलंत आणि माठावर झाकण ठेवलंत.

ती बाई आली ती भावाबरोबर, दोन बैलांच्या दमणीतून. तिला वाचता येत नव्हतं. तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. मी दाराआड उभा आहे आणि फटीतून पाहतो आहे. तुम्ही तिचं बोट धरून वरच्या नावावर टेकवता.

"एवढं मोठं?" ती म्हणते. मग पानं उलटते. "आन गान्याखाली?"

"गान्याखाली सुटलं, बाई. चूक माही हाये. आता ते पान परत येत नाही. म्हनून पुस्तकाच्या दारावर लावलं."

ती परत पहिलं पान उघडते. मला वाटतं आता ती पुस्तक फेकून देईल. मग ती हसते. "दारावर हाये ना? मंग घरात कोन पाह्यते," म्हणते, आणि पुस्तक पदरात बांधते.

मी सुखी आहे, उस्ताद. तुम्ही दिलेल्या अक्षरावर माझं आयुष्य गेलं, पोरंबाळं मार्गी लागली, डोळे अजून चालतात. नव्या मासिकाच्या चुका काढण्यात दोन दिवस छान गेले. हे पत्र कुठे पाठवायचं हे मला ठाऊक नाही आणि विचारणारही नाही. पण तुम्ही ती चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत म्हणून एवढं लिहून ठेवतो. ते नाव सुटलं नव्हतं. माझं अक्षर सासुरवाडीला ओळखतात, जावई तमाशातल्या बाईचं नाव लिहितो म्हणतील, या भीतीने मी बोरू उचलला आणि तेवढी जागा कोरी सोडली. आज एवढं लांबलचक लिहिलं, तरी इथेही ते नाव टाळतच आलो आहे. अनुक्रमणिकेच्या सगळ्यात वरच्या ओळीत, जाड बोरूने, मी लिहिलं होतं: भागू, अकोटवाली.