नावापुढचं टिंब

३ नोव्हेंबर, सोमवार

डबा आला! कुरिअरवाला म्हणाला, "मिक्सर हाय का मॅडम?" म्हटलं, इंटरनेटचं मूळ आहे. हसला, सही घेतली, गेला.

खोटं नाही सांगितलं. एखाद्या वेबसाइटचं नाव टाकलं आणि त्याचा पत्ता जवळपास कुणालाच ठाऊक नसला, की विचारणा मुळापर्यंत जाते. मुळाची सर्व्हरं नावाने तेरा, पण त्यांच्या नकला जगभर हजाराच्या वर. त्यातली एक आजपासून परभणीत — आमच्या केबल-इंटरनेटच्या ऑफिसात, जिन्याखालच्या एसीच्या खोलीत. तीन वर्षं मेल लिहून लिहून बोटं झिजली माझी. पंधरा दिवस परीक्षा. नीट चालला तर राहील, नाहीतर परत जाईल.

आजच दुसरंही टपाल आलं. शंभुराजचा लिफाफा. आत काय आहे ते त्याने फोनवर सांगितलंच होतं — "घटस्फोटाचे कागद आहेत. माझी सही झालीये, तू तुझी करून पाठव." चार वर्षं वेगळे राहतो आम्ही. उघडला नाही. कीबोर्डखाली सरकवून दिला.

५ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीत खिडकी मिळाली. चुडाव्याहून निघालं की पूर्णेपर्यंत डोळा लागतो, पिंगळीला उघडतो. आज झोपेत सगळ्या विचारणा दिसत होत्या. रुळांवरून धावतायत, एकेकीच्या हातात एक नाव, आणि माझ्या डब्यापाशी येऊन पदर सावरून विचारतायत, "हे कुठं राहतं हो?"

गंमत म्हणजे मुळाला ते माहीतच नसतं! त्याला एवढंच ठाऊक, की पुढे कुणाला विचारायचं.

संध्याकाळी घरी अप्पांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. एकतीस वर्षं चुडाव्याचं पोस्ट सांभाळलंय त्यांनी. लगेच म्हणाले, "म्हंजे सॉर्टिंग! मी तरी काय करत होतो? चिठ्ठी कुनाची, आत काय, मला काय करायचं? कोन्या गाडीनं धाडायची तेवढं ठाव पाहिजे."

आणि खरंच की. मु. पो. चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी. लहानाकडून मोठ्याकडे, मधे टिंबं. वाचायचं मात्र मागून. वेबसाइटचं नावही तस्संच. इतकी वर्षं या धंद्यात आहे, कधी लक्षात आलं नाही.

६ नोव्हेंबर

लिफाफा तिथेच. कीबोर्ड डुगडुगतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. अप्पा पूजेला तळहातावर इष्टलिंग घेऊन बसले होते, नजर त्याच्यावर. ऊन सरकत सरकत त्यांच्या मनगटापर्यंत आलं तरी हलले नाहीत. आवरल्यावर विचारलं, "अप्पा, आपल्या लिंगायतांत प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. मग त्यातलं खरं कुठलं?"

"ज्याच्या हातात हाय त्याच्यासाठी तेच खरं. नक्कल आन् असल असं नसतंय त्याच्यात."

माझ्या डब्याचंही हेच की! जवळ जो असेल तोच मूळ. दिवसभर अंगणात बसून हेच घोळवत राहिले. भाजी करपली.

शंभुराजची आठवण आली. बंगळूरला निघाला तेव्हा उंबऱ्यात "येतो" म्हणाला. आपल्यात "जातो" कुणी म्हणतच नाही. त्यामुळे त्याला शब्दात धरायचीही सोय नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डबा पाठवणाऱ्यांचा मेल! "तुमचं यंत्र आम्हाला सापडत नाही. शुक्रवारपर्यंत सापडलं नाही तर परत मागवू."

कसं सापडत नाही? समोर तर आहे, हिरवा दिवा लुकलुकतोय! आमचा लाइनमन सिद्धोधन सगळ्या वायरी तपासून आला. "लाइन तर ओके हाय ताई. तुमचंच कायतरी चुकलंय बघा." मेल्याला तोंडावर बोलायची भारी हौस.

रडू आलं. तीन वर्षं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सिद्धोधनचंच खरं निघालं. माझंच चुकलं. एक टिंब.

त्यांच्या देखरेखीसाठी डब्याला आमच्याकडचं एक नाव द्यायचं होतं. ती ओळ मी लिहिली, आणि नावाच्या शेवटी टिंब दिलं नाही. टिंब नसलं की यंत्राला वाटतं नाव अर्धंच आहे, आणि ते आपल्या मनाने पुढे घराणं, म्हणजे आमच्या कंपनीचं नाव, पुन्हा एकदा चिकटवतं. बँकेतल्या बाई माझ्या नावापुढे न विचारता शंभुराज चिकटवतात, तसंच. ते दुप्पट झालेलं नाव जगात कुठेच नव्हतं. कसं सापडणार?

नवशिक्यासारखी चूक. पण माझ्या हाताला वळणच तसं. लहानपणी पत्राखाली नाव लिहून टिंब दिलं की अप्पा रबराने खोडायचे. "नावापुढं टिंब दिऊ नको गं. मानूस संपल्यागत वाटतंय." लग्नानंतर शंभुराज यावर पोट धरून हसला होता. मग माझ्याबरोबर राहून राहून तोही द्यायचा बंद झाला.

आज टिंब दिलं. पाच मिनिटांत डबा सापडला!

अप्पांना सगळं सांगितलं. ते शेवटचं टिंब म्हणजेच मूळ, हेही. मुळाला नावच नाही. त्याच्या नावाच्या जागी काही म्हणजे काही नाही, नुसतं टिंब. सगळी नावं तिथून सुरू होतात.

अप्पांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "शून्य. आपल्यात त्यालाच तर मूळ म्हन्तेत. मंग मी इतकी वर्सं उगंच भ्यायलो की गं."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता — "त्ये कागद आलेत म्हनं. तुला वाटंल तसं कर. माझ्याकडं बघून थांबू नको."

त्यांना कुणी सांगितलं? पोस्टातलं माणूस. त्यांच्यापासून काय लपणार!

१७ नोव्हेंबर

पास! डबा राहिला. शेठनी पेढे आणले, सिद्धोधनने खोलीच्या दाराला झेंडूचा हार घातला. मी भिंतीला टेकून डब्याची घरघर ऐकत उभी राहिले. खूप आनंद झाला, आणि तो सांगायला पहिलं नाव शंभुराजचं आठवलं. याचा राग आला.

१८ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत लिफाफा उघडला. शेवटच्या पानावर त्याची सही. पुढे टिंब नाही.

सवय की आणखी काही, कोण जाणे. फोन हातात घेतला, ठेवला.

मग माझं नाव लिहिलं, पुढे अप्पांचं. अनुपमा महालिंग. टिंब दिलं.