उंबरातलं बिऱ्हाड

आई, आज कर्नाळ्याच्या पायथ्याशी आपल्या उंबरापाशी गेले होते. खांदा कॉलनीतून रिक्षा करून, भर दुपारी. तू असतीस तर आधी उन्हात फिरल्याबद्दल ओरडली असतीस. ढोलीतून चिमणीएवढं हिरवंगार पाखरू बाहेर पडलं, कमरेवर लालभडक डाग, आणि फांदीला खाली डोकं करून लटकलं. पुस्तकवाले या पोपटाला काय म्हणतात ते आता मी शिकले आहे, पण तोंडात तू ठेवलेलंच नाव येतं: उलट्या. झोपतोसुद्धा मेला उलटाच. त्याची मादी तूच मला दाखवली होतीस. पानाची कड चोचीने कातरायची, ती पट्टी कमरेच्या पिसांत खोचायची आणि ढोलीत अंथरायला न्यायची. काय तो तिचा थाट!

माझ्या लग्नाचा मांडव आठवतो? मुहूर्तमेढीला उंबराची फांदी हवी, म्हणून मामा कोयता घेऊन याच झाडावर चढतायत, खाली वाजंत्री तयार, घरी लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण खोळंबलेली. आणि तू सगळ्यांदेखत ओरडतेस, "दादूस, कोयता खाली टाक! त्या ढोलीन पिल्लां हायेत."

"आगं, मी दुसरी फांदी तोडतंय. पोरीचा लगीन हाय का पाखरांचा?"

"झाड हालला तं त्यांची आय परत येवाची नाय. लगीन घटकाभर थांबंल."

मामांच्या नाकावर राग कायमचाच, ते रुसून बसले. एक म्हातारी अपशकुन म्हणून पुटपुटली. तू कोयता उचललास, पदर कमरेला खोचलास आणि ओढ्यापलीकडच्या उंबराकडे एकटीच निघालीस. तुला तशी जाताना बघून मला ती पानं खोचणारी मादीच आठवली. तुला अडवायची गावात कुणाची टाप नव्हती. केवढा अभिमान वाटला मला तुझा! मेढ उशिरा उभी राहिली, पण राहिली, आणि मामाही शेवटी जेवायला आले.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक खरं लिहून टाकते. पाठवणीच्या वेळी मी हुंदके देत होते, तेव्हा सगळे म्हणाले, पोरीचा आईवर जीव आहे. खरं सांगू? ती पिल्लं उडताना मला दिसणार नव्हती, म्हणून रडत होते मी. तुझ्यासाठी रडायला अजून खूप वेळ आहे, असं वाटलं होतं.