खालिदचाचांची जीप, चोवीस पटीनं लहान

८ फेब्रुवारी २००४, रविवार

आली! आली! आली!

डबा मांडीवर आहे आणि मी अजून उघडलेला नाही. नुसता हलवून बघतेय. आत प्लास्टिक खुळखुळतंय. नियाजनं शब्द पाळला. अमेरिकेला क्लायंटकडे निघाला तेव्हा अख्ख्या टेस्टिंग टीमनं त्याला चॉकलेटं आणायला सांगितली होती. मी एकटीच म्हटलं – जीपचं जोडायचं किट आण. चोवीसास एक मापाचं. तीन दुकानं पालथी घातली म्हणे बिचाऱ्यानं.

हे माझं सातवं किट. पण आधीची सहा नुसती गंमत होती. हे काम आहे.

जीप नियाजच्या वडिलांची. खालिदचाचा. आमच्या हडपसरच्या ऑफिसमागच्या गल्लीत त्यांची बेकरी, तिथली खारी खाल्ल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. सव्वीस वर्षं त्यांनी त्या जीपमधून पाव वाटले – लोणी, वाघोली, पार शिक्रापूरपर्यंत. आता काचबिंदू. कडेचं सगळं दिसायचं बंद झालंय, मधलं तेवढं उरलंय, तेही किती दिवस कोण जाणे. डॉक्टरांनी बजावलंय, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नियाज मोटरसायकलवाला, आणि तो तर पुन्हा दीड वर्षासाठी चाललाय. मग जीप विकायची ठरली. वाघोलीचे हिंदुराव हॉटेलवाले घेणार आहेत – चालवायला नाही, हॉटेलच्या फाटकात शोभेला! बॉनेटवर कुंड्या ठेवणार! पाडव्याच्या मुहूर्तावर नेणार.

म्हणजे बेचाळीस दिवस. त्याआधी चाचांच्या हातात त्यांची जीप द्यायची. हुबेहूब. त्यांना दिसतंय तोवर. आणि त्यांना पत्ता लागू न देता!

९ फेब्रुवारी

उघडला. एकशे बारा भाग. ऑफिसला जायच्या आधी सगळे मोजले.

माझा निकाल लिहून ठेवते. साचा सुरेख – टायरच्या खाचासुद्धा नखाला लागतात. दोन भागांच्या सांध्यात कागद जाणार नाही. सूचनापत्रक मात्र वाईट. पायरी नऊनंतर एकदम अकरा! आमच्या ऑफिसात असं कोणी दिलं असतं तर मी परत पाठवलं असतं. एकूण साडेआठ, दहापैकी.

आणि मुख्य दोष सापडलाच! स्टिअरिंग डावीकडे! अमेरिकन ना, त्यांचं सगळं उलटं. हे बदलावं लागणार. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. दुसऱ्याची चूक सापडली की मला आनंद होतो, त्याचाच मला पगार मिळतो.

डिंकाचा वास जिन्यापर्यंत गेला. मंदाकिनीबाई वर आल्या. 'खोली राहायला दिलीय, कारखान्याला नाही.' म्हटलं, कारखाना नाही हो, जीप आहे. 'मग ती फाटकाबाहेर लावा.' चेहऱ्यावर रेघ नाही! सदाशिव पेठेत राहायचं तर हे ऐकून घ्यावंच लागतं.

१४ फेब्रुवारी

ऑफिसात मुलींना गुलाब मिळाले. मला पाकिटात जीपच्या रंगाचा पापुद्रा मिळाला. मी जास्त खूश!

नियाजनं माझ्या यादीतल्या एकोणीसच्या एकोणीस गोष्टी मोजून आणल्या. वडिलांना सांगितलं, 'हिंदुरावांना मापं हवीत.' पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर दोनशे तीन सेंटिमीटर. भागिले चोवीस, साडेआठ. मॉडेलवर पट्टी लावली – साडेआठ! मी खोलीत अक्षरशः उडी मारली. खालून मंदाकिनीबाईंनी छताला काठी ठोकली.

स्वतः जाऊन बघितलं असतं तर बरं होतं. पण जीप बेकरीमागे ताडपत्रीखाली असते आणि ताडपत्री हलली तरी चाचा कासावीस होतात. नियाज म्हणाला, नकोच.

१५ फेब्रुवारी

पापुद्रा घेऊन रविवार पेठेत पोपटशेठकडे. अस्सा रंग कालवून द्या. कोणता म्हणायचा तो – उन्हानं विटलेला निळा, खाली जुना पिवळा डोकावतोय.

'केवढी गाडी?'

मी तळहात दाखवला.

'मग डबा कशाला? नेलपॉलिश लावा.'

पण माणूस कसबी. चार डब्यांतून थेंब थेंब घेत बसला, उन्हात जाऊन बघून आला, आणि दिला. मापात चूक नाही की रंगात चूक नाही. पुण्यातली सगळी चांगली माणसं आधी टोमणा का मारतात?

२२ फेब्रुवारी

नियाज गेला. जाताना म्हणाला, 'अम्मीकडे बघ जरा. जीप विकायचं ठरल्यापासून अब्बांपेक्षा तीच गप्प झालीय.'

खरंय. अमिनाबी – मी चाची म्हणते – एरवी गिऱ्हाइकाला खारीबरोबर चार शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. परवा मला सुटे परत देऊन नुसत्या रस्त्याकडे बघत बसल्या. वाटलं, नवऱ्याच्या डोळ्यांची काळजी असणार.

२९ फेब्रुवारी

ऑपरेशन यशस्वी!!

आठ दिवस रोज सकाळी साडेपाचला उठून केलं. डॅशबोर्डचं डावीकडचं भोक पुटीनं बुजवलं. घासलं, पुन्हा बुजवलं, पुन्हा घासलं. उजवीकडे गरम सुईनं नवं भोक. स्टिअरिंगचा दांडा पहिल्या दिवशी मोडला – रडले थोडी. मग उदबत्तीची काडी तासून नवा केला. पेडलं तीन, प्रत्येक ज्वारीच्या दाण्याएवढं, डावीकडून खरवडून उजवीकडे बसवली. एक उडालं ते फरशीवर पालथं पडून बॅटरीनं शोधलं. आता कोणी भिंगानं बघितलं तरी कळणार नाही की हे स्टिअरिंग कधी डावीकडे होतं. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलेलं नाही.

नियाजला मेल केली, स्टिअरिंगचंही काम झालं! त्याचं उत्तर एका शब्दाचं – 'ग्रेट'.

७ मार्च

आईचा फोन, यवतमाळहून. 'तू सव्वीसची झाली वं बाई, अन् खेळणे कायले जोडून रायली?' म्हटलं, आई, खेळणं नाही, जीप आहे. 'मंग त्याच जीपीत बसून घरी ये.'

आज पोचा पाडला. यादीतली अकरावी गोष्ट – पुढच्या बंपरला उजव्या टोकाशी पोचा, चार बोटं रुंद. चमचा मेणबत्तीवर तापवला आणि हलकेच टेकवला. कोऱ्या गाडीला मुद्दाम पोचा पाडायचा म्हणजे काय! पण झाला. तंतोतंत.

१३ मार्च

कापडी हूड झाला – टिश्यू पेपर डिंकात बुडवून. त्यावर तीन ठिगळं. मागे पावांची ट्रंक, काडेपेटीची, ट्रंकेत खऱ्या खारीचा चुरा.

मॉडेलवाल्यांच्या परदेशी ग्रुपवर ऑफिसच्या मशीनवरून फोटो टाकले. इंग्लंडचे एक आजोबा आहेत, चाळीस वर्षं मॉडेलं करतात, कोणालाही आठच्या वर मार्क देत नाहीत. मला साडेनऊ! खास करून स्टिअरिंगसाठी. 'निर्दोष' म्हणाले. निर्दोष! मी, भाग्यश्री, निर्दोष! दिवसभर लिफ्टमध्येसुद्धा हसत होते.

२० मार्च, शनिवार

सगळं लिहून काढते. नाहीतर झोप यायची नाही.

खारीच्या रिकाम्या खोक्यात ठेवून नेली. दुपारी बेकरीत गर्दी नसते. चाचा बाकावर बसलेले, चाची भट्टीजवळ. म्हटलं, चाचा, हात पुढे करा.

ते बघत नाहीत आधी. हातानं चाचपतात. बोट बॉनेटवरून गेलं, हेडलाइटवरून, आणि बंपरच्या पोच्यावर थांबलं. 'या अल्ला,' म्हणाले. 'हा पण?' मग हूड. तिन्ही ठिगळं मोजली. ट्रंक उघडली, चुऱ्याचा वास घेतला आणि मोठ्यानं हसले. मला वाटलं, माझी छाती फुटणार आता. मग बोट आत गेलं. डावीकडे. तिथे घुटमळलं. मग मागे आलं, पुन्हा डावीकडे. काहीतरी शोधत होतं.

काय शोधतंय ते मला कळलं.

चाचांची जीप डाव्या स्टिअरिंगची! आपल्याकडच्या जुन्या जीपा तशाच यायच्या. आजही रस्त्यावर किती दिसतात, मी शेकडो पाहिल्या असतील, कधी आत डोकावले का? एकोणीस गोष्टी विचारल्या, विसावी विचारायचं सुचलंच नाही, कारण ती मला आधीपासून 'माहीत' होती! किट बरोबर होतं. त्या किटमध्ये चूक होती ती एकच, ती मी घातली. आणि आठ दिवस पॉलिश केली.

'गाडी फर्स्ट क्लास, बेटा,' चाचा म्हणाले. 'मला तेवढं खाली उतरवलंस.'

ते हसत होते. मी नाही. म्हटलं, द्या इकडे, उद्या सकाळपर्यंत परत करते, पुटी उकरते, काहीही करते. हात पुढे केला तेवढ्यात चाचींनी जीप उचलली. पिठाच्या हातानं. उजेडात नेली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

'ही माझी सीट आहे,' म्हणाल्या.

मला नीट कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. स्टिअरिंग डावीकडे असलं आणि पुढे ट्रक असला, की चालवणाऱ्याला ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून काय येतंय ते उजव्या सीटवरच्यालाच दिसतं. 'सव्वीस साल मी बघितलं बेटा, यांनी चालवली. मी चला म्हटलं की हे काढायचे. मी रुको म्हटलं की मागे राहायचे. वाघोलीच्या रस्त्यावर रोज. मी म्हटल्याशिवाय यांनी कधी गाडी पुढे घातली नाही.'

'एकदा घातली होती,' चाचा हळूच म्हणाले.

'हां. तो पोचा तेव्हाचा.'

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. मी मात्र मधेच रडायला लागले, वेड्यासारखी. चाचींनी मला ताजी खारी दिली. जीप काही परत दिली नाही. 'राहू दे अशीच,' म्हणाल्या. 'माझ्याकडे राहील.'

साडेनऊ मार्क! त्या आजोबांना काय कळवू आता? आणि उद्या खरी जीपही जाणार.

२१ मार्च, पाडवा

जीप गेली नाही!

हिंदुराव हार, नारळ, दोन माणसं घेऊन आले होते. चाचींनी नारळ ठेवून घेतला आणि म्हणाल्या, गाडी द्यायची नाही. का, ते सांगितलं नाही. हिंदुराव तणतणत गेले. हे मला नियाजच्या मेलवरून कळतंय, आणि मेलची पहिली ओळ आहे – 'तू तिथे काय केलंस?!'

मी काय केलं? मी एक स्टिअरिंग चुकीच्या बाजूला बसवलं.

२६ मार्च

बेकरीत गेले. जीपवरची ताडपत्री काढलेली! चाचांना विचारलं, आता हिचं काय करणार? 'मला काय विचारतेस? तिला विचार.' चाचींना विचारलं. 'बघू.' बस.

आता उभ्या उभ्या गंजणार ती. त्यापेक्षा कुंड्या बऱ्या होत्या की काय? माझ्या त्या मॉडेलनं दोघांना उगीच हळवं केलं. वाईट वाटतंय.

१२ एप्रिल

चाची आठवडाभर सकाळच्या बेकरीत नसतात. कुठे जातात? चाचा नुसते हसतात. आज त्यांनी मला तीनदा विचारलं, तुला सुट्टी कधी असते. रविवारी, चाचा. सगळ्यांना असते.

माझं मॉडेल गल्ल्यावर ठेवलंय, पावांच्या वर. गिऱ्हाइकं विचारतात. मी तिकडे न बघता सुटे मोजते.

९ मे, रविवार

सकाळी आठला फाटकाबाहेर हॉर्न. रबरी फुग्याचा. मंदाकिनीबाई गॅलरीतून ओरडल्या, 'कोणाची आहे ही? आत लावायची नाही!' मी दात घासता घासता वाकून बघितलं, आणि तशीच खाली धावले.

जीप. उन्हानं विटलेली निळी. डावीकडे स्टिअरिंगमागे चाची, पदर खोचलेला, लायसन्स बटव्यात – काढून दाखवलं मला. मागे ट्रंकेला टेकून चाचा, मांडीवर माझं मॉडेल. उजवी सीट रिकामी.

'बस लवकर,' चाची म्हणाल्या. 'वाघोलीपर्यंत पाव पोचवायचेत. समोरचं बघायला कोणीतरी पाहिजे.'

आत्ता परत आले. घसा पार बसलाय. एवढ्या वेळा 'चला!' म्हणाले.