दोन-चारच्या टेबलावरचा माझा विजय

मंगळवार, ५ मार्च. सकाळी ६.४०
आजपासून शिस्त. पत्ते भारी आले तरच खेळायचं, नाहीतर टाकून द्यायचे. शंभरातले ऐंशी डाव टाकायचे. बस्स.
चेहरे वाचण्याचा प्रश्नच नाही. एकतीस वर्षं घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले. फाटकातूनच ओळखायचो, आतलं कुत्रं चावणार की नाही. चार वेळा अंदाज चुकला. पण चारच.

दुपारी १.३०
चाळीस डॉलर गेले. शिस्त पूर्ण पाळली, पहिले अकरा डाव. मग कंटाळा आला. माणूस नुसते पत्ते टाकायला घरातून निघत नाही.

गुरुवार, ७ मार्च
हायवेवरच्या आमच्या कॅसिनोत दोन-चारचं पोकरचं टेबल एकच, सकाळी नऊला भरतं. पैज आधी दोन डॉलरची, पुढे चारची. त्याहून जास्त लावताच येत नाही. त्यामुळे कुणी देशोधडीला लागत नाही. आणि त्यामुळेच हातात काही नसताना हूल दिली तरी कुणी घाबरत नाही, हा या टेबलाचा मोठा दोष. मी इतक्या सुंदर हुला देतो आणि लोक चार डॉलर टाकून बघतात. यात कलेचा मान कुठे राहिला?
ओलीटाबाईंचं गुपित आज सापडलं. वय एक्क्याऐंशी, टेबलावर बसून विणकाम करतात. सुया खाली ठेवल्या की समजायचं, पत्ते भारी. आज सुया चालूच होत्या, म्हणून शेवटपर्यंत पैसे लावले. बाईंकडे चार सत्त्या. सुया का नाही ठेवल्या, असं विचारलं तर म्हणाल्या, टाके मोजत होते.
अडतीस डॉलर. पण माहिती मिळाली.

मंगळवार, १२ मार्च. दुपारी २
चव्वेचाळीस.
पत्ते वाटणारा डीलर नवीन होता, हात थंड. एसीचा झोत थेट माझ्या मानेवर.
कोराझोन नावाची नर्स असते टेबलावर, रात्रपाळी संपवून तशीच गणवेशात येते. आज म्हणाली, विर्जिल, तू आलास की माझ्या पेट्रोलची काळजी मिटते. बरं वाटलं. आपल्या असण्याने कुणाला आधार वाटतो.

रात्रीचं जेवण झाल्यावर
जेवताना बायकोसमोर, मॅक्सीनसमोर, जाहीर करून टाकलं. महिनाअखेरपर्यंत एकदाही जिंकून उठलो नाही तर पत्ते कायमचे बंद. मंगळवार-गुरुवार घराला वाहून घेणार. आधी स्वयंपाकघरातली कपाटं, मग तिची शिवणाची खोली. निवृत्त झाल्यावर पहिले सात आठवडे घरीच होतो, तेव्हा तिला माझी केवढी मदत झाली होती. कॅसिनोची कल्पना तिचीच. पहिल्या दिवशी स्वतः गाडीने सोडलं होतं.
ऐकून तिचा घास हातातच राहिला. माझा त्याग तिला सहन होत नाही.

गुरुवार, १४ मार्च
एकतीस डॉलर. प्रगती.
टेबलावरही प्रतिज्ञा सांगितली. सगळे गंभीर झाले. हर्शेल, हा निवृत्त न्हावी, म्हणाला की असं टोकाचं काही करू नकोस. प्रतिस्पर्धी असावा तर असा.

मंगळवार, १९ मार्च
मॅक्सीन आज अचानक कॅसिनोत. हातात लिंबाचा केक, अख्ख्या टेबलासाठी. मग ओलीटाबाईंना कॉफीला घेऊन गेली. अर्धा तास. विणकामाच्या गप्पा असणार. तेवढ्या वेळात मी जिंकून घ्यायला हवं होतं, पण हर्शेलकडे पाचही पत्ते इस्पिकचे निघाले.
छत्तीस. केक चांगला होता.

गुरुवार, २१ मार्च. दुपारी १.५०
जिंकलो.
दोनदा मोजले. एकशे सव्वीस डॉलर वर.
पहिल्याच डावात हातात काही नव्हतं. नुसतं ओलीटाबाईंकडे पाहिलं, दोन डॉलर लावले. त्यांनी पत्ते टाकले. पुढच्या डावात हर्शेलने टाकले. कोराझोनने तर सुस्कारा सोडून टाकले. माझ्या नजरेत काहीतरी आलंय, हे अकराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं.
मग तो डाव. माझ्या हातात दुरी आणि सत्ती, म्हणजे कचरा. टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक उघड्या पत्त्यांत एक राजा. मी प्रत्येक फेरीला लावत गेलो. शेवटी बाई थांबल्या. डीलरने त्यांना दोनदा विचारलं, नक्की टाकताय ना? त्या म्हणाल्या, हो बाबा, नक्की. टाकताना पत्ते चुकून उलटले. दोन राजे! टेबलावरचा धरून तीन. तीन राजे हातात असलेली बाई माझ्या चेहऱ्याला घाबरली.
मॅक्सीनला सांगितलं तेव्हा तिने मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी. मग फोनवर कुणाला तरी म्हणाली, "झालं एकदाचं, फार उपकार झाले." देवाशी असं मोकळेपणाने बोलावं.

शुक्रवार, २२ मार्च. संध्याकाळी ७
रात्रभर विचार केला. शिखरावर असतानाच उतरायचं. मोठे लोक तेच करतात. मला जे सिद्ध करायचं होतं ते झालं, आता त्या गरीब लोकांना किती लुटायचं?
नाश्त्याला जाहीर केलं. पत्ते बंद, पुढच्या मंगळवारपासून पूर्णवेळ घरी. मॅक्सीन खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही.
जिंकलेल्या पैशांतून दुपारी लेबलं छापायचं यंत्र आणलं.

शनिवार, २३ मार्च
मसाल्यांच्या बाटल्या अक्षरवार लावल्या. मिरी आता मिठाच्या आधी येते. मॅक्सीनला मिरी मिळेना. सवय होईल. शिवणाच्या खोलीतल्या दोऱ्यांच्या रिळांवर लेबलं लावायला घेतली आहेत. चारशेच्या आसपास असतील.
मॅक्सीन तासभर दारातल्या गाडीत बसून होती. कुठे जातेस विचारलं तर म्हणाली, कुठेच नाही.

सोमवार, २५ मार्च. संध्याकाळी ५
लिहावं की नाही कळत नाही. पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.
मी बटणांचे डबे उघडले होते. मॅक्सीन आली, माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि समोर बसली.
"विर्जिल, तू गुरुवारी जिंकला नाहीस," ती म्हणाली. "मी ओलीटाबाईंना सांगितलं होतं, एकदा त्याला जिंकू द्या. केक त्यासाठीच नेला होता."
मी म्हटलं, मग ते तीन राजे?
"मला राजे-बिजे कळत नाहीत. पण बाई म्हणाल्या, तुला हरवणं सोपं आहे. तुझ्यासमोर हरताना तिघांना घाम फुटला."
मी डब्याचं झाकण लावलं. तिने यंत्र बाजूला ठेवलं.
"त्रेचाळीस वर्षं मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "मंगळवारी आणि गुरुवारी नऊ ते एक सोडून."
गॅरेजमध्ये जाऊन बसलो. त्या गुरुवारी बारा वाजता एक्क्यांच्या जोडीवर मी जो डाव जिंकला, त्यात तिघेही शेवटपर्यंत होते. तो तरी खरा असावा. ओलीटाबाईंना विचारायचं धाडस होईल असं वाटत नाही.

मंगळवार, २६ मार्च. दुपारी १.४०
गेलो. हर्शेलने खुर्ची ओढून दिली. कोराझोनने कॉफी पुढे सरकवली. तेच जास्त लागलं.
ओलीटाबाईंना म्हटलं, "बाई, आज खरं खेळा."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?"
"नक्की."
एक्क्यांच्या डावाचं विचारलंच नाही.
साडेबाराला माझ्याकडे दोन राण्या आल्या. बाई लावत गेल्या, शेवटच्या फेरीतही. मी त्यांचा चेहरा पाहिला, सगळा मीटरसारखा स्वच्छ वाचता येत होता. त्यांच्याकडे नक्की भारी पत्ते होते. मी शिस्तीने राण्या टाकल्या. विचारलं, काय होतं? त्यांनी दाखवलं. पंजी आणि तिरी. "तू टाकशील असं वाटलं," त्या म्हणाल्या आणि पैशांच्या चिप्स ओढून घेतल्या.
घरी आलो. मॅक्सीनने किती हरलास ते विचारलं नाही. किती वाजेपर्यंत बसलास ते विचारलं. एक वाजेपर्यंत, म्हणालो.
"छान," म्हणाली, आणि रिळांवरची लेबलं सोलायला माझ्या पुढ्यात बादलीभर कोमट पाणी ठेवलं.