तिसऱ्या चटईवरून दिसणारा डोंगर

प्रिय दादा,

चिगुसाच्या अक्षरातलं तुझं पत्र सोमवारी मिळालं. वीस नोव्हेंबरची सकाळची गाडी, खिडकीजवळची जागा, आणि दुपारी एक वाजता मंदिराच्या दालनात तिसऱ्या चटईवर. उजवा डोळा गेलाच आहे, डावा नवीन वर्षापर्यंत टिकेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून त्याआधी बाग एकदा बघून घ्यायची, असं तू मुलीकडून लिहवून घेतलंस. ‘बाकी काही बघायचं राहिलेलं नाही’ हेही. चार दिवस उत्तर लिहायला बसतोय आणि उठतोय. आज फुमिएचा डायलिसिसचा दिवस. चार तास बायको घरात नाही. आज लिहून संपवतो.

शेवाळ यंदा छान आहे, ते खरं सांगतो. पाऊस लांबला, त्यामुळे दगडांच्या मुळाशी अगदी जाड बसलंय. कावळे मात्र किड्यांसाठी रोज पहाटे ते उचकटून ठेवतात आणि आम्ही रोज सकाळी तुकडे जागच्या जागी थापटून बसवतो. तण वेचायला अजून ओयाए आजीच येतात. एक्याऐंशी झाल्या. त्या म्हणाल्या, “कावळ्यांना पगार नाही तरी वेळेवर येतात, तुमची नवी पोरं बघा.” नवी पोरं म्हणजे पन्नाशीचे दोघे. तुझी चौकशी करतात. “इवाओसान आले की मला आधी सांगा, मी केस नीट करून येईन,” असं म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलवणं मला पहिल्यापासून सोपं जातं.

मला कात्री आणि तुला चटई, ही बाबांची वाटणी. मी तेव्हा बारीक होतो, शिडीवर हलका, एवढंच त्याचं कारण. दरवर्षी जुलैत पावसाळा सरला की कॅमेलियाचं कुंपण कापायचं. मी बाहेर शिडीवर, आणि तू आत, तिसऱ्या चटईवर, मंदिर बांधणाऱ्या गुरूंच्या जागेवर, मांडी घालून. बाग आपल्या कुंपणापाशी संपते आणि डोंगर दोन कोस लांब आहे, पण कुंपणाची कड बरोबर त्या रेषेला आली की मधलं गाव, शेतं, तारा सगळं गायब होऊन डोंगर थेट शेवाळातून उगवल्यासारखा दिसतो. ती रेषा फक्त तुला दिसायची. तू ओरडायचास, “अर्धं बोट खाली. अर्धं म्हटलं, दीड नव्हे. बायकोचे केस कापतोयस का?” मी ओरडायचो, “तू ये वर, मी बसतो गादीवर.” दोन दिवस हे चालायचं. आतून पर्यटक हसायचे. एकेचाळीस वर्षं मी पानं पाहिली, माझी कात्री पाहिली, खाली तुझं टक्कल पाहिलं. काम संपल्यावर हात धुऊन आत यायचो, तू सरकून जागा द्यायचास, तेव्हा मला डोंगर दिसायचा. त्या सरकण्यातच तुझी शाबासकी असायची. तोंडाने तू ती कधी दिली नाहीस.

तू चिगुसाकडे राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कळवलं होतं की कापणी झाली, छान झाली. दादा, ती छान झाली नव्हती. आत बसायला माणूस नव्हता. नव्या दोघांपैकी एकाला बसवलं, तर तो प्रत्येक वेळी “बरोबर आहे, बरोबर आहे” म्हणायचा, मी वयाने मोठा ना. म्हणून मी दोरी बांधली. पाण्याच्या नळीने दोन्ही टोकं मोजली, एका पातळीत आणली, आणि दोरीबरहुकूम कापलं. आयुष्यात एवढं सरळ मी कधी कापलं नव्हतं. हात धुऊन आत जाऊन बसलो, तर कुंपण डावीकडे ओघळलेलं. तिसरी चटई मधोमध नाही, उजवीकडे आहे, डावं टोक लांब पडतं, म्हणून ते चार बोटं उंच ठेवावं लागतं. ठेवलं की सरळ दिसतं. बाबांनी तसं ठेवलं होतं, तू तसं ठेवत होतास, आणि मी एकेचाळीस वर्षं स्वतःच्या हाताने वाकडं कापत आलो होतो हे मला ठाऊकच नव्हतं. मंदिराचे गुरुजी येऊन बसले. म्हणाले, “डोंगर जरा थकलेला दिसतोय, नाही?” त्या रात्री मी जेवलो नाही. कॅमेलियाला कापण्याजोगी चार बोटं दाट भरून यायला दोन वर्षं लागतात. तेवढ्यात भरून काढू, तुला कशाला कळवायचं, असा हिशेब केला.

ती दोन वर्षं मिळाली नाहीत. डाव्या टोकामागे, जुन्या रेशीम गिरणीच्या जागेवर, इस्पितळ झालंय. सात मजले. फुमिए आता डायलिसिसला जवळच जाते एवढंच मी लिहिलं होतं, कुठे ते लिहिलं नव्हतं. वरचे तीन मजले आणि पाण्याची टाकी चटईवरून दिसतात. कुंपण बरोबर कापलं असतं तरी दिसलेच असते, हे मी कितीदा मोजून पाहिलंय. त्याने बरं वाटत नाही.

आणि हेही लिहितो. इस्पितळाआधी गावाची सभा झाली होती. गुरुजी उठून म्हणाले की मंदिराला काही मागायचं नाही, आजारी माणसाला डोंगरापेक्षा खाट लागते. मग इस्पितळाच्या बाजूने असतील त्यांना हात वर करायला सांगितलं. फुमिए तेव्हा आठवड्यातून तीनदा दीड तास बसने जायची, परतताना ओकायची. मी हात वर केला. दादा, उद्या पुन्हा विचारलं तरी करीन. पण वर गेलेला हात तोच, कात्रीचा. खाली आणताना तो मला परका वाटला.

आता कुंपण आम्ही कापतच नाही. वाढवून इमारत झाकावी असं ठरलं. एकाच टोकाला वाढवलं तर झाकण ठेवल्यासारखं दिसतं, म्हणून सगळंच वाढू दिलं. दोन मोसमांत मोकळे शेंडे हातभर वाढले. तेवढ्याने डोंगर पूर्ण गेला. इमारत नाही गेली. तिला झाकायला अजून पाच-सहा वर्षं लागतील, आणि तोवर त्याची भिंत होईल, कुंपण राहणार नाही. कापावं तर डोंगरासोबत सगळी इमारत, न कापावं तर डोंगरच नाही. गुरुजींना विचारलं की काय करू, तर म्हणाले, “झाडून घ्या.” म्हणून आम्ही झाडतो. मागे मागे सरकत, आपलीच पावलं पुसत, पूर्वीसारखंच. लोक येतात, शेवाळाचे फोटो काढतात, खूश होऊन जातात. त्यांचं काही चुकत नाही. फुमिएची खाट सहाव्या मजल्यावर खिडकीशी आहे, तिथून तिला कुंपणाची मागची बाजू आणि आम्ही दिसतो. म्हणते, “वरून तुमचं डोकं बागेतल्या दगडासारखं दिसतं, फक्त त्याच्यावर शेवाळ धरत नाही.” ती हसते तेव्हा मीही हसतो.

चिगुसा, यापुढचंही त्याला वाचून दाखव, काही गाळू नकोस. दादा, तू येऊ नकोस. तू म्हणशील, बागेत जात नाही, तुझ्याकडेच उतरतो. मी तुला ओळखतो. माझ्या घरापासून मंदिर आठ मिनिटांवर आहे, पहाटे मी उठायच्या आत तू काठी टेकत तिथे पोचलेला असशील. मला तुझ्याकडे येता येत नाही, फुमिएला एक दिवसाआड नेणारं दुसरं कुणी नाही. म्हणजे तुझा डोळा आहे तोवर आपण एकमेकांना बघणार नाही. हे सगळं विचार करून लिहितोय. गेल्या आठवड्यात दालन बंद झाल्यावर मी तिसऱ्या चटईवर बसलो आणि डोळे मिटून पाहिलं. डोंगर आठवेना. त्याचा डावा खांदा कसा उतरत होता ते मला सांगता येईना, ती टाकीच समोर येत राहिली. तुझं तसं नाही, तुझ्याकडे तो अजून आहे. तुझी नजर जायच्या आधी शेवटचं म्हणून हे बघितलंस, तर मग अंधारात तुझ्यासमोर हे वाढलेलं कुंपणच राहील, आणि ते कापून खाली आणायला मला तिथे येता येणार नाही. तिकीट परत कर.

तुझाच,
कात्सुमी