दामोदररावांना बोलावलं त्याची हकीगत

रायस्वाइक,
२ मार्च २०२१, मंगळवार

चि. शोभीस,

तुझ्या अक्काचे आशीर्वाद. पहिल्याच ओळीला आमचं अडलं होतं. संहिता पेन उघडून बसली आणि विचारते, "आजी, चि. सौ. लिहू की श्रीमती?" मी म्हटलं, शोभी लिही. जन्मल्या दिवसापासून ती शोभीच आहे, कुणाच्या असण्यानं ती बदलली नव्हती आणि नसण्यानंही बदलायची नाही.

इकडे सगळे खुशाल. श्रीकांत आणि पद्मजा दोन खोल्यांत बसून ऑफिस करतात आणि एकमेकांना जेवायला फोनवरून बोलावतात. मी लेकाकडे तीन महिन्यांसाठी आले होते, त्याला वर्ष होऊन गेलं. गेल्या महिन्यात समोरचा कालवा गोठला, तर अख्खं गाव त्यावर घसरायला उतरलं. वर्षभर शिंकेला भ्यालेली माणसं बर्फावर पडून हात मोडून घेत होती आणि हसत घरी जात होती.

तुझं पत्र पोचलं. फोन सुनेच्या हातात आणि कायम स्पीकरवर, म्हणून लिहितेय, हे फक्त अक्कानं वाचावं, असं तू लिहिलंस. अगं, अक्काला अक्षर येत नाही हे इतक्या वर्षांत तुझ्या ध्यानात राहू नये? नाव लीलावती आणि पाटीशी उभं वैर. तेव्हा वाचलं संहितानं, ऐकलं मी, दार लावून. तुझ्या मधूच्या कानावर काही जाणार नाही.

तू विचारलंस ते मला असं समजलं. तुमच्या गल्लीतल्या शैलाताई अक्षरांच्या कागदावर वाटी ठेवून गेलेल्या माणसाला बोलावतात. त्यांच्याकडे जाऊन दामोदररावांना बोलवावं का, आणि बोलावलं तर ते येतील का. दवाखान्याच्या फाटकातून आत तुला सोडलं नाही. म्हणून त्यांना एकच विचारायचंय, शेवटी तोंडात पाणी कुणी घातलं. संहिता भुतांवरच अभ्यास करते, तर तिला खरं-खोटं ठाऊक असणार.

सांगते. पण आधी तिच्या अभ्यासातली माणसं ऐक, कारण मला त्यांचं फार कौतुक वाटायला लागलंय.

ही लायडनला शिकते ते व्हिक्टोरिया राणीच्या काळाबद्दल. मला वाटलं होतं लढाया आणि मुकुट असतील. निघाली भुतं. राणीचा नवरा गेला, तिनं काळे कपडे चढवले ते मरेपर्यंत उतरवले नाहीत. मग अख्ख्या विलायतेत दुःख करायचीही एक रीत झाली. गेलेल्याचे केस विणून बायका त्यांचे दागिने करत. आपल्याकडे ताटात एक केस निघाला तर घर डोक्यावर घेतात, आणि या बायका तो गळ्यात घालून मिरवायच्या. मला आधी शिसारी आली. मग वाटलं, किती हट्टी माया आहे ही. मेलेल्याला म्हणायचं, तू गेलास तर जा, मी काही तुला सोडत नाही.

दिवे मालवून दिवाणखान्यात गोल टेबलाशी बसायचे. उमराव असो की खाटीक, शेजारच्याचा हात धरावाच लागे. एरवी उमरावानं खाटकाला दारात तरी उभं केलं असतं का? मधोमध बसे ती मीडियम, बहुतेक एखादी साधी पोर. तिच्या अंगात आलं की टेबल टकटक करी, हवेत हात दिसे, पांढरं काहीतरी तरंगे. शोध घ्यायला मोठमोठे शास्त्रज्ञ येत, तिला खुर्चीला बांधत, गाठींवर लाख ओतत. तरी ती सुटे. संहिता म्हणते ती बारीक मलमल असे, पोरीनं परकरात लपवलेली. अमेरिकेत दोन बहिणी पायाची बोटं कडाकडा मोडून भुताचा टकटकाट करत. म्हातारपणी त्यांनी तसं कबूल केलं, तर लोकांनी कबुलीवरच विश्वास ठेवला नाही.

मी म्हटलं, लबाड होत्या तरी काय डोकं. ज्या काळात बाईला सभेत तोंड उघडायची चोरी, त्या काळात या डोळे मिटून तास तास भाषण देत आणि टोपीवाले पुरुष गप ऐकत. कारण बोलतेय ती बाई नाही, मेलेला माणूस. स्वतःचंच बोलायचं आणि नाव दुसऱ्याचं सांगायचं. माझं उलटं आहे. मी जिवंत, इथे खुर्चीत बसून बोलते आणि हात चालतो दुसरीचा.

(मावसआजी, आजी तुझा प्रश्न टाळतेय. सकाळपासून. – संहिता)

बघ, हात असा मध्ये बोलतो.

तर गेल्या गुरुवारी दुपारी मी तिला म्हटलं, पुरे झालं पुस्तक, आपण बसूया. शोभीसाठी दामोदररावांना बोलवू. ती आढेवेढे घेत होती, पण अभ्यासात काय काय वाचलं ते करून बघायची खाज तिलाही होतीच. आम्ही जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि पडदे ओढले.

इथे घराला पडदे असतात, पण घरात कुणी गेल्याशिवाय ते दिवसा कुणी ओढत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला प्रत्येकाचा सोफा, मांजर, ताटातली भाजी दिसते. त्यामुळे दहा मिनिटांत बेल वाजली. दारात शेजारची योके. वय माझ्याएवढं, गुडघे माझ्याहून बरे. तोंडाला मास्क, हातात वाटाण्याच्या सूपाचं पातेलं, इतकं घट्ट की चमचा उभा राहावा.

तिनं विचारलं, "कोण गेलं?"

संहिता म्हणाली, "कुणी नाही. आम्ही बोलावतोय."

योकेनं पातेलं ओट्यावर ठेवलं, कोट काढला आणि खुर्ची ओढून बसली. सध्या सरकारचा नियम आहे, घरी दिवसाला एकच पाहुणा. मी म्हटलं, झालं, ही आत आली, आता दामोदररावांना दारातच थांबावं लागणार. संहितानं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. योके गंभीरपणे म्हणाली, "लहान मुलं मोजत नाहीत. मेलेलेही मोजत नसतील."

मग तिघींनी हात धरले. तेही नियमाबाहेरच, पण त्याशिवाय बैठक होत नाही. वर्षभरात घराबाहेरच्या माणसाचा हात मी पहिल्यांदा धरला. बागेत खुरपणारा हात आहे तिचा, खरखरीत आणि गार.

मी हाक मारली. "दामोदरराव, मी शोभीची अक्का. रुसवेफुगवे मागाहून. आधी एवढं सांगा, पाणी कुणी दिलं?"

फ्रिज गुरगुरला तेव्हा आम्ही तिघी दचकलो. बाकी काही नाही.

मग योके बोलायला लागली. तिचा नवरा गेल्या एप्रिलात वृद्धाश्रमात वारला. ही बाहेर फुलांच्या वाफ्यात उभी, तो आत पलंगावर, मध्ये काच. मग ती टेबलाशी बसून त्याच्याशीच बोलायला लागली, काय ते मला कळलं नाही. संहितानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मध्येच ती हसलीसुद्धा. नाक वाहायला लागलं तरी तिनं आमचे हात सोडले नाहीत, खांद्यालाच पुसलं. नंतर पडदे उघडून आम्ही सूप प्यायलो. माझ्या वाटणीतलं सॉसेज तिनं घरूनच काढून आणलं होतं.

एवढं सांगून झाल्यावर मी संहिताला म्हटलं, आता लिही. लिही की टेबल हललं. दामोदरराव आले, म्हणाले, एका बाईनं चमच्यानं पाणी पाजलं, मी तहानलेला गेलो नाही, शोभीला सांगा.

तिनं पेन खाली ठेवलं. "आजी, असं झालं नाही."

"काय झालं ते मलाही माहीत आहे. पत्र कुणाचं आहे?"

"तुझं. पण अक्षर माझं आहे."

मी म्हटलं, तुझ्या त्या मीडियम बायका हेच करायच्या ना? आलेलीला जे हवं ते देऊन पाठवायच्या. त्यात पाप ते काय?

ती म्हणाली, "द्यायच्या. आणि पुढच्या आठवड्याला ती विधवा परत यायची. तोच प्रश्न घेऊन. एकदा ऐकून कुणाचं भागलं असं मला कुठे सापडलं नाही, आजी."

यावर मी चहा करायला उठले.

तर खरं लिहायला सांगतेय. दामोदरराव आले नाहीत, शोभे. मी मनापासून बोलावलं होतं.

आता एक. पत्राच्या शेवटी, मिरच्यांचे भाव आणि मधूचा खोकला यांच्यामध्ये तू एक ओळ घातलीस. त्यांचा चष्मा आणि कवळी परत देताना सुनीती नावाच्या नर्सनं तुला आपला नंबर दिला, "काकू, काही विचारायचं असलं तर कधीही फोन करा" म्हणाली, आणि ती चिठ्ठी अजून साखरेच्या डब्याखाली आहे. ती ओळ मी पुन्हा वाचून घेतली. मग मला कळलं तुला वाटी का हवी आहे. वाटी कधी नाही म्हणत नाही. सुनीती म्हणू शकते. ती म्हणू शकते, काकू, मी होते, मी पाणी दिलं. ती असंही म्हणू शकते की काकू, माणसं फार होती आणि आम्ही दोघी होतो, मला आठवत नाही. त्या मुलीला सहा महिने तू या भीतीनं फोन केलेला नाहीस, आणि म्हणून सोपं भूत शोधत फिरतेयस.

मी तिला परस्पर विचारलेलं नाही. विचारणारही नाही. प्रश्न तुझा आहे.

पण रविवारी दुपारी सुनेकडून फोन माग आणि खोलीचं दार लाव. कशाला म्हणून विचारलं तर सांग, अक्काला भुताची गोष्ट ऐकायची आहे. संहिता म्हणते तुला, मला आणि सुनीतीला एका फोनवर जोडता येतं. तू विचारायचंस. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, हे मला जमेल यावर इथे कुणाचा विश्वास नाही. सुनीती हो म्हणाली तर आपण दोघी ऐकू. नाही म्हणाली तरी दोघीच ऐकू, आणि मग तुला किती वेळ गप्प बसायचं असेल तितका वेळ मी फोन ठेवणार नाही.

त्यानंतरही शैलाताईंकडे जावंसं वाटलं तर जा. मी हसणार नाही.

हाक मारलीस तर नक्की येणारी,
तुझी अक्का